न केलेला अर्ज

पहाटे साडेचारला विजयालक्ष्मीबाईंचा दिवस सुरू व्हायचा. गजर नाही, कुणाची हाक नाही. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त होईपर्यंत तसं होतं, आणि मुलाकडे आयर्लंडला, नास गावी राहायला आल्यावरही तसंच राहिलं. फरक एवढाच, की तिकडे साडेचारला उठून निकालपत्र लिहायचं असे आणि इकडे लिहायला काहीच नव्हतं. तरी त्या उठत, चहा करून घेत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाठ ताठ ठेवून बसत. हिवाळ्यात तिथे साडेआठशिवाय धड उजाडत नाही. तेवढा वेळ नुसतं बसून काढणं हे निकाल लिहिण्यापेक्षा जड काम होतं, पण त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

न्यायाधीशाचं काम खुर्चीतलं, असं लोकांना वाटतं. बाईंनी नोकरी धरली तेव्हा तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक नसे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा आणि न्यायाधीशाने त्याचा शब्द न् शब्द स्वतःच्या हाताने उतरवायचा. दिवसभर. नंतर तो साक्षीदाराला वाचून दाखवायचा, त्याने ‘बरोबर आहे’ म्हटलं की खाली सही करायची. साक्षीदार घाबरला तर थांबायचं, त्याला पाणी द्यायचं, पण वेळ गेला म्हणून वाक्य गाळायचं नाही. संध्याकाळी बाईंचं मनगट सुजलेलं असे. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाने घट्टा पडला होता, गवंड्याच्या हाताला पडतो तसा. तो शेवटपर्यंत गेला नाही. आणि एवढं करून निकाल लिहायला वेळ उरायचा तो पहाटेचाच.

त्यांचे वडील इस्लामपूरच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स घेऊन सायकलवरून गावोगाव जायचे. लोक चहापाण्याला काहीतरी हातावर ठेवत, आणि ते घेत. सगळेच घेत. बाई शाळेत असताना एका मैत्रिणीने सगळ्यांदेखत म्हटलं, “हिच्या बापाला चहा पाजला की समन्स आठ दिवस उशिरा येतं.” मुली हसल्या. बाईंनी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी मनाशी जे ठरवलं ते पुढे जन्मभर पाळलं.

पाळलं म्हणजे किती, ते उदगीर, वरोरा, अचलपूर, चिपळूण या गावांतल्या लोकांना ठाऊक आहे. तीन वर्षं झाली की बदली, आणि त्या तीन वर्षांत गावात कुणाच्या लग्नाला जाणं नाही, बारशाला नाही. संक्रांतीला शेजारणीने हळदीकुंकवाचं वाण पाठवलं तर शिपायाबरोबर परत. शेजारीण आठ दिवस तोंड फिरवून असायची. ओळख सांगत कुणी बंगल्यावर आला तर फाटकातूनच माघारी. आपल्या घराला मागचं दार नाही, असं त्या म्हणत.

पण पुढचं दार त्यांनी कायम उघडं ठेवलं, हेही सांगायला हवं. अचलपूरला एका खुनाच्या खटल्यात आरोपीची म्हातारी आई रोज कोर्टात येऊन मागे बसायची. तिला मुलाच्या हाताला नुसता हात लावायचा होता, पोलीस लावू देत नव्हते. एक दिवस ती उभी राहून रडायला लागली. बाई म्हणाल्या, “आजी, रडू नका. काय पाहिजे ते मागा. कोर्टाला मागितल्याशिवाय देता येत नाही.” मुलाच्या वकिलाने जागच्या जागी अर्ज लिहून दिला आणि बाईंनी जागच्या जागी हुकूम केला. म्हातारीने पोराचा हात धरला आणि सोडेचना. बाईंनी तेवढा वेळ पुढचं प्रकरण पुकारू दिलं नाही. पुढे त्याच पोराला त्यांनी जन्मठेप दिली.

या सगळ्याची किंमत नरेंद्रनी मोजली. नरेंद्र म्हणजे त्यांचे यजमान. गणिताचे मास्तर होते. दुसऱ्या बदलीला त्यांनी नोकरी सोडली आणि बायकोच्या मागोमाग निघाले. शिकवण्या घेता येईनात, कारण मुलं वकिलांची नाहीतर पक्षकारांची. हा माणूस बोलका. पानाच्या टपरीवरच्या अनोळखी माणसालाही घरची खुशाली विचारणारा. वरोऱ्याला त्यांना वाचनालयात कॅरमचा डाव सापडला आणि चारुदत्त नावाचा एक जोडीदार. महिनाभर रोज संध्याकाळी खेळले. तो वकील आहे हे नरेंद्रना ठाऊक होतं, त्याचं बाईंपुढे प्रकरण येणार आहे हे नव्हतं. तो उभा राहिला त्या दिवशी बाईंनी भर कोर्टात सांगितलं, “माझे यजमान या वकिलांबरोबर कॅरम खेळतात. दुसऱ्या बाजूची हरकत असेल तर मी हे प्रकरण चालवणार नाही.” आणि हरकत नसतानाही त्यांनी ते दुसऱ्या कोर्टाकडे पाठवलं.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, उद्यापासून वाचनालयात जाऊ नका.”

“बरं,” नरेंद्र म्हणाले. “उद्यापासून भिंतीशी खेळतो. भिंतीचा तुमच्याकडे दावा नाही ना, बाईसाहेब?”

बाई हसल्या नाहीत. नरेंद्रनी पुन्हा कॅरमला हात लावला नाही. संध्याकाळी ते बंगल्याच्या पायरीवर बसून राहत, बायकोचं कोर्ट उठायची वाट बघत.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत दोघं सहा महिन्यांसाठी नासला आले. मुलगा शैलेंद्र औषधांच्या कारखान्यात संगणकाच्या कामावर होता, सून मेधा घरून काम करायची आणि नात तन्वी शाळेत जायची. महिन्याभरात विमानं बंद झाली, शाळा बंद झाल्या, गावं बंद झाली. सहा महिन्यांचं वर्ष होत आलं. सरकार व्हिसा वाढवत राहिलं. शरद ऋतूत परत जायला विमान मिळत होतं, पण नरेंद्र म्हणाले, “थोडं थांबू की.”

त्यांना जायचं नव्हतं, त्याला कारण होतं. नासमध्ये ते पहिल्यांदाच कुणा साहेबाचे यजमान नव्हते. रोज सकाळी कालव्याच्या काठाने चालायला जायचे आणि दिसेल त्याच्याशी सहा फुटांवरून बोलायचे. कुत्रे फिरवणारे, बदकांना पाव टाकणारे, पोस्टमन, सगळे त्यांना ओळखायला लागले. शेजारचा डोनल तर जिवाचा दोस्त झाला. जन्मभर कौन्सिलच्या रस्त्यांवर डांबर टाकून निवृत्त झालेला विधुर. दोघं आपापल्या अंगणात खुर्ची टाकून कुंपणावरून गप्पा मारत. नरेंद्रचं शाळामास्तरी इंग्रजी आणि डोनलचं तिथल्या किल्डेअर भागातलं, एकाचं दुसऱ्याला निम्मं कळायचं, पण थांबायचे नाहीत.

“काय बोलता हो एवढं?” बाई विचारत.

“त्याचा गुडघा, माझा गुडघा. शिवाय पाऊस आहेच.” आणि तन्वीने “आबा, हाऊ आर यू?” विचारलं की नरेंद्र तिथल्या लोकांसारखं “ग्रँड!” म्हणायचे. ती खिदळायची. “आबा, यू साउंड लाइक डोनल!”

एकदा डोनलने घरचा ब्राऊन ब्रेड भाजून दारात ठेवला. बाईंनी तो पुसून, नीट कागदात गुंडाळून, आभार मानून परत केला. हात सवयीनेच चालला. डोनल बिचारा बुचकळ्यात पडला. नरेंद्रनी कपाळाला हात लावला.

“विजू, आता तुझ्यापुढे कुणाचा दावा आहे? त्या पावाचा?”

“एकदा घेतलं की घेतलंच.”

“मग मी खाणार. मला कधीच कुणी न्यायाधीश केलं नव्हतं.” आणि ते डोनलच्या अंगणात जाऊन, लांब बसून, लोणी लावून दोन तुकडे खाऊन आले.

नाताळानंतर तिथे आजाराची लाट आली ती सगळ्यात मोठी होती. शैलेंद्र कारखान्यातून ताप घेऊन आला. मग मेधा, मग नरेंद्र. बाईंची चाचणी दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. नरेंद्रना श्वास पुरेना झाला तेव्हा रुग्णवाहिकेने त्यांना डब्लिनच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. दारातून निघताना ते म्हणाले, “चष्मा राहिला.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाई टॅक्सीने चष्मा आणि कपड्यांची पिशवी घेऊन गेल्या. काचेच्या दाराशी पहारेकऱ्याने पिशवी घेतली. दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला होता, भेटीस सक्त मनाई. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी मजकूर होता. पाऊस उभा पडत होता, काच ओघळत होती. बाईंनी मोठी अक्षरं वाचली, मान डोलावली आणि मागे फिरल्या. कलमाखालचं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, वाचल्याशिवाय ज्यांनी जन्मात कधी हुकूम केला नव्हता, त्या बाईंनी.

नरेंद्रची तब्येत खालावत गेली. शैलेंद्र आणि मेधा वरच्या खोलीत बंद, बाईंनी दाराशी जेवण ठेवायचं. तन्वी खाली आजीजवळ. एके सकाळी बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेल्या तर डोनल कुंपणापाशी टोपी हातात धरून उभा होता.

“जज,” तो म्हणाला. तो त्यांना जजच म्हणायचा. “माझी लेक ग्रॉन्या त्याच वॉर्डात सिस्टर आहे. ती म्हणते, तुमचा माणूस बरा नाहीये. तुम्ही तिला फोन करा. ती तुम्हाला आत घेईल. तुम्हाला काही झालेलं नाही, तर अंगावर झगा वगैरे चढवतील आणि बसू देतील जवळ.”

“आत जायला बंदी आहे, मिस्टर डोनल.”

“आहे. पण ग्रॉन्याला फोन करा.”

“तुमचे आभार,” बाई म्हणाल्या. “पण मी ओळखीने आत जाणार नाही. बाहेर किती बायका असतील, ज्यांच्या शेजारी तुम्ही राहत नाही.”

डोनलने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग टोपी डोक्यावर घातली आणि घरात गेला. शिकलेल्या बाईला, त्यातून जजला, आपण काय सांगणार, असं त्याला वाटलं असावं.

शैलेंद्रने हे वरच्या खिडकीतून ऐकलं. त्याने आतून बंद दारातूनच भांडण काढलं.

“आई, ही शिफारस नाही.”

“ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला सांगायचं आणि नियमाला वळसा घालायचा. आपल्याकडे याला काय म्हणतात रे?”

“अगं, आधी विचार तरी. इस्पितळाला सरळ फोन कर. ग्रॉन्या जाऊ दे. विचारायला काय लागतं?”

“दारावर लावलंय ते मी वाचलंय.”

“बाबा मरायला टेकलेत, आई. मी जाऊ शकत नाही. तू जाऊ शकतेस. तू एकटीच.” तो खोकत बसला. मग थकून म्हणाला, “त्यांनी तुझ्यासाठी सगळं सोडलं. तू एक फोन उचलणार नाहीस?”

बाईंनी ताट दाराशी ठेवलं आणि खाली आल्या. फोन टेबलावर होता. त्यांनी तो हातात घेतला, पुन्हा ठेवला. त्यांना खरोखर वाटत होतं, की आपण आत गेलो तर दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोची जागा चोरू. हे त्यांनी कुणाला दाखवायला म्हटलं नव्हतं. बेलीफाची मुलगी तसं वागू शकत नव्हती, एवढंच.

दुपारी वॉर्डातल्या एका नर्सने फोन लावून नरेंद्रच्या कानाशी धरला. मास्कमधून हवेचा फुसफुस आवाज येत होता.

“अहो, मी बोलतेय.”

“विजू.” बराच वेळ हवाच. “येतेस का?”

बाईंनी डोळे मिटले. “येऊ देत नाहीत हो इथे. कुणालाच.”

“हां.” पुन्हा हवा. “मग राहू दे. डोनलला सांग…” पुढचं ऐकू आलं नाही. नर्स म्हणाली, आता थकलेत, उद्या लावते.

तो उद्या आला नाही. पहाटे बाई टेबलाशी बसल्या होत्या तेव्हा इस्पितळाचा फोन आला. डॉक्टर तरुण होता, मुलायम बोलला. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याचे आभार मानले, आणि वर जाऊन मुलाच्या दारावर बोटं टेकवली.

दोन दिवसांनी ग्रॉन्या आपल्या बापाच्या अंगणात आली. हातात सीलबंद पिशवी, आत चष्मा. डोळे सुजलेले, तोंडावर मास्कचे वळ. तिने पिशवी कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. बाई बाहेर आल्या.

“तुम्ही का नाही आलात हो?” तिने विचारलं. विचारण्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. “आम्ही वाट बघत होतो. शेवटच्या दिवसांत घरातल्या एकाला येऊ देतो आम्ही. सगळ्यांच्या घरच्यांना. शेजारच्या खाटेवरच्याची बायको रोज यायची. दारावर लिहिलंय तसं. नुसता फोन करून मागायचं असतं, म्हणजे आम्ही झगा काढून ठेवतो. डॅडला मी सांगितलं होतं, त्यांना कळव.”

“त्यांनी कळवलं होतं,” बाई म्हणाल्या.

ग्रॉन्याने चष्म्याच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुमच्या वाटेकडे त्यांचे डोळे होते, पण त्रागा नव्हता. मी विचारलं, बायको येणार आहे का? तर म्हणाले, ‘ती कोर्टात आहे. कोर्ट उठलं की येईल.’ दोनतीनदा म्हणाले तसं. आम्हाला वाटलं, तुम्ही अजून नोकरीत आहात.”

बाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. मागितल्याशिवाय देता येत नाही, हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल. उभं राहा, काय पाहिजे ते मागा. लोक भीत भीत उभे राहत, आणि मागत. बाईंसमोर दार होतं ते पुढचंच होतं. त्यांनी ते मागचं समजून पाठ फिरवली. मागणं आणि वशिला यांतला फरक दुसऱ्यांच्या बाबतीत त्यांना कधी चुकला नव्हता.

शवपेटी बंद करून मिळाली. उघडायला मनाई होती, आणि या मनाईखाली खरोखरच काही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचला.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. घरचे चार, शैलेंद्र आणि मेधाचे वरच्या खोलीतले दिवस एव्हाना संपले होते. नागपूरहून नरेंद्रचा भाऊ मुरलीधर फोनच्या पडद्यावर, तो मंत्र म्हणणार होता. कालव्यावरचे लोक, पोस्टमन, बदकवाले, एवढ्या सगळ्यांना येता येणार नव्हतं. बाई त्या संध्याकाळी कुंपणाशी गेल्या आणि डोनलला हाक मारली. त्यांनी आपण होऊन हाक मारायची ती पहिली वेळ. तो बाहेर आला.

“मिस्टर डोनल, मला एक मागायचंय.”

“मागा, जज.”

“अंत्यविधीची गाडी ज्याची आहे, तो तुमच्या ओळखीचा आहे?”

“चुलतभाऊ आहे.”

“मग त्याला माझ्यासाठी सांगाल का? गाडी सरळ शवदाहिनीकडे नेऊ नका म्हणावं. आधी कालव्यावरून न्या, मग आपल्या गल्लीतून. हळू. यांना ओळखणारे जे कोण असतील त्यांना…” पुढचे शब्द त्यांना इंग्रजीत सापडेनात. मराठीतही सापडले नसते.

“मी त्याला आज सकाळीच सांगून ठेवलंय,” डोनल म्हणाला. “तुमची काय मर्जी ते मात्र ठाऊक नव्हतं. मागच्या वेळी विचारलं तेव्हा…” त्याने वाक्य सोडून दिलं.

“मागच्या वेळी माझं चुकलं.”

डोनलने मान खाली घातली. “तो तुमच्याबद्दल फार सांगायचा हो,” तो म्हणाला. “म्हणायचा, माझ्या बायकोने जन्मात कुणाचं फुकटचं घेतलं नाही. मी म्हणायचो, बाबा रे, माझा पाव तरी घ्यायला सांग.”

शुक्रवारी बारीक पाऊस होता. काळी गाडी कालव्याच्या काठाने माणसाच्या चालीने निघाली. बाई तिच्या मागे पायी चालत होत्या, शैलेंद्रच्या आधाराशिवाय. काठावर माणसं लांब लांब उभी होती. कुत्र्याचा पट्टा धरलेला एक म्हातारा टोपी काढून उभा. पोस्टमनने सायकल भिंतीला टेकवली होती. आपल्या गल्लीत तर एकही दार बंद नव्हतं. प्रत्येक उंबऱ्यात कुणी ना कुणी. बाईंना त्यांतल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. वर्षभर त्या या गल्लीत राहिल्या होत्या. एक बाई भिजत पुढे आली आणि म्हणाली, “माझ्या मुलाची त्याने बेरजा-गुणाकारांची भीती घालवली हो, या कुंपणावरून.” बाईंनी हात जोडले. डोनलच्या घरापुढे गाडी थांबली. त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला, रस्त्यावरच्या ताज्या डांबरावर ठेवावा तसा, सावकाश, आणि मग उचलला.

दाहिनीत दहा मिनिटं मिळाली. पडद्यावर मुरलीधरचा आवाज मध्येच तुटत होता. तन्वीने आईला हळूच विचारलं, “इज आबा इन देअर?” मेधाने तिला जवळ ओढलं.

नंतर शैलेंद्र पैसे भरायला पुढे झाला. बाईंनी त्याला बाजूला केलं. “हे माझ्याकडून,” त्या म्हणाल्या. नोकरीत त्यांनी कधी वायफळ खर्च केला नव्हता. शिल्लक होती ती नरेंद्रबरोबर कुठेतरी निवांत राहायला ठेवलेली होती. डोनलच्या चुलतभावाने हिशेब दिला, त्यात वळशाचे पैसे लावले नव्हते. बाईंनी ते लावायला सांगितले. तो म्हणाला, राहू द्या, शेजारधर्म आहे. बाईंनी क्षणभर विचार केला. मग मान हलवून म्हणाल्या, “बरं. तेवढं तुमचं घेते.” बाकीचे त्यांनी दिले.

हाताने साक्षी उतरवून, मनगट सुजवून, गावोगाव घर उचलून मिळवलेल्या पगारातून शेवटी एवढंच आलं. साध्या लाकडाची एक पेटी आणि एका दिवसाची काळी गाडी.